विजयदुर्गचा निकाल घाटावर लागला

पाटोदा तालुक्यात पडलेल्या पावसाचा थेंबही अरबी समुद्राला मिळत नाही. मांजरा गोदावरीला जाते. सौताड्याचा धबधबा जिच्यावर आहे ती विंचरणा सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. अखेर सगळे पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. तेव्हा देवगड तालुक्यातल्या, वाघोटन खाडीच्या तोंडावरच्या एका जलदुर्गाची उठाठेव बालाघाटावरच्या माणसाने का करावी, असे कोणी विचारले तर त्यात गैर काही नाही. पण विजयदुर्गचा, म्हणजे आंग्र्यांच्या लढाऊ आरमाराच्या सर्वांत मोठ्या तळाचा इतिहास बारकाईने पाहिला, तर १३ फेब्रुवारी १७५६ रोजी तिथे जे घडले त्याची कारणे समुद्रात कमी आणि घाटमाथ्यावर जास्त सापडतात. अठराव्या शतकातले मराठी राज्य घाटावर कमावत होते, घाटावर लढत होते आणि घाटावरच कर्जबाजारी होत होते. आरमाराचा खर्च मात्र त्याने कधी आपला मानला नाही. माझ्या मते विजयदुर्गच्या नाशाचे मूळ या हिशेबात आहे. एकाचा विश्वासघात आणि दुसऱ्याचा हट्ट ही फार तर वरवरची कारणे झाली.

आधी तळ कसा होता ते पाहू. किल्ला शिलाहारांच्या काळचा. जवळच्या गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत आणि युरोपीय कागदपत्रांत हेच नाव येते. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, तट वाढवले आणि विजयदुर्ग हे नाव दिले. तीन बाजूंनी पाणी, तिहेरी तटबंदी, एवढे वर्णन कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत मिळते. पण तटाने आरमाराचा तळ होत नसतो. तळ होतो तो दुरुस्तीच्या सोयीने, आणि ती सोय किल्ल्यापासून आत, खाडीच्या काठी आहे. गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला कातळ खोदून केलेली आरमारी गोदी सुमारे साडेतीनशे फूट लांब आहे. भरतीला गुराब आत घ्यायची, तोंड बंद करायचे, ओहोटीबरोबर पाणी काढून टाकायचे आणि कोरड्यात उभ्या राहिलेल्या नौकेचा तळ खरवडून, सांधे भरून, तेल-चुन्याचा हात देऊन तिला पुढच्या मोठ्या भरतीला सोडायचे. उष्ण समुद्रात लाकडाला कीड फार लवकर लागते. दरवर्षी तळ साफ केला नाही तर उत्तम सागवानही काही हंगामांत चाळणी होते. त्यात आपला पावसाळा. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत या किनाऱ्यावर शिडाची नौका बाहेर काढणे म्हणजे जीव देणे. होड्या शाकारून ठेवण्याचे हे महिने आरमाराला कुठे काढता येतात, यावर त्याचे उरलेले वर्ष अवलंबून असे. वाघोटन खाडीने ही जागा दिली आणि गोदीने त्या जागेचा कारखाना केला.

या तळाच्या नौकाही त्याला साजेशा होत्या. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे लांब निमुळते तोंड काढलेली, समोर तोफा मारता येतील अशी नौका. गलबत त्याहून लहान, शिडावर आणि वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत आणि वाऱ्याअभावी जागच्या जागी खोळंबलेल्या युरोपीय जहाजाला मागून गाठत, कारण त्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असत, मागे फारशा नसत. भंडारी, कोळी, गाबीत, खारवी, दालदी अशा किनाऱ्यावरच्या जातीजमातींतून खलाशी आणि तांडेल येत. किनाऱ्याच्या दृष्टिपथातले युद्ध, उथळ खाडीत माघार आणि किल्ल्याच्या तोफांची सावली यांवर हे सगळे तंत्र बेतलेले होते. ते किती चोख होते याची साक्ष शत्रूच देतो. १७२० मध्ये मुंबईकर इंग्रजांनी ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना बांधून विजयदुर्गवर आणला आणि हात हलवत परत गेले. १७२४ मध्ये डच आले, तेही तसेच गेले.

इथे पहिला आक्षेप आडवा येतो, आणि तो जुना आहे: आंग्रे हे चाचे होते, त्यांचा तळ हा लुटारूंचा अड्डा होता, तेव्हा तो उद्ध्वस्त झाला यात इतिहासाने हळहळण्यासारखे काय? आंग्र्यांनी जहाजे धरली, माल जप्त केला, हे खरेच आहे. पण ज्या कारणासाठी धरली ते पाहावे लागते. या पाण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने दस्तक घ्यावे, त्याची रक्कम भरावी. दस्तक नसेल तर माल जप्त. हा नियम कान्होजी आंग्र्यांनी शोधून काढलेला नव्हता. पोर्तुगीज दोनशे वर्षे आपली परवानापत्रे याच तऱ्हेने विकत होते आणि इंग्रज कंपनीही आपल्या संरक्षणाखालच्या जहाजांना परवाने देत होती. तिघांचा धंदा एकच होता. फरक एवढाच, की लिहिलेला इतिहास त्यातल्या एकाच्या दप्तरात जास्त जपला गेला आणि चाचा हा शब्दही त्याच दप्तरातून आला. कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल होते, म्हणजे राज्याचे नेमलेले आरमारप्रमुख. तेव्हा प्रश्न चाचेगिरीचा उरत नाही. राज्याचे हे नेमलेपण कशा प्रकारचे होते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर १७१३-१४ च्या सुमाराच्या करारात आहे. शाहू आणि ताराबाई यांच्या भांडणात कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होते. बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंकडे वळवले ते वाटाघाटी करून, आणि त्या वाटाघाटींत सरखेलपद, आरमार आणि किनाऱ्यावरचे किल्ले आंग्र्यांकडे राहिले. बदल्यात शाहूंची सत्ता मान्य आणि ठरावीक भरणा. त्या क्षणी हा तोडगा शहाणपणाचाच होता, दुसरा कोणता शक्यही नव्हता. पण त्याचा अर्थ असा झाला, की मराठी राज्याला आरमार मिळाले ते कराराने. गोदी कोणी खोदायची, सागवान कुठून आणायचे, खलाशांचा पगार कशातून द्यायचा, यांपैकी एकही चिंता साताऱ्याने किंवा पुण्याने घेतली नाही. आंग्र्यांनी ती आपल्या किल्ल्यांखालच्या महालांतून आणि दस्तकांतून भागवली. १७२९ मध्ये कान्होजी वारले, १७३३ मध्ये त्यांचे पुत्र सेखोजी गेले आणि भाऊबंदकी उफाळली. बाजीरावांनी १७३५ मध्ये ती मिटवली ती वाटणी करून: मानाजी कुलाब्याला वजारतमाब, संभाजी विजयदुर्गला सरखेल. घाटावरच्या देशमुखी-पाटीलकीचा तंटा मिटवावा तसा हा निवाडा होता आणि त्याच नजरेने केलेला होता. शेत दोन भावांत वाटले तर दोन लहान शेते होतात. आरमार वाटले तर दोन निम्मी आरमारे होत नाहीत. कारण शत्रूचा ताफा येतो तो अखंडच येतो.

१७४२ मध्ये संभाजी वारल्यावर त्याचा भाऊ तुळाजी विजयदुर्गचा धनी झाला. शूर, उद्धट, पैशाला सैल आणि करारमदारांना पक्का बेपर्वा. सिद्दीकडून अंजनवेल त्याने घेतले, १७४९ मध्ये मुंबईकरांचे ‘रिस्टोरेशन’ हे नावाजलेले जहाज धरून आणले, डचांशी लढून त्यांची जहाजे बुडवली-पकडली. शाहूंच्या मृत्यूनंतर सत्ता पुण्याला एकवटली तशी त्याने पेशव्यांना जुमानणे सोडले आणि शेजारच्या मराठी मुलखांनाही उपद्रव दिला. नानासाहेब पेशव्यांनी त्याचे पारिपत्य करायचे ठरवले यात नवल नाही. नवल आहे ते पद्धतीचे. १९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेवांनी मुंबईकरांशी तह केला आणि समुद्रावरची कामगिरी इंग्रजांच्या हाती दिली. पुढच्याच महिन्यात कमोडोर विल्यम जेम्सने अवघ्या दोनेक दिवसांत सुवर्णदुर्ग घेतला. मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना मिळाले. आपल्याच सरखेलाला वठणीवर आणण्यासाठी राज्याला परक्याच्या आरमाराचा आधार घ्यावा लागला, ही या तहातली खरी बोच आहे.

आता घाटाकडे वळू, कारण १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गसमोर जी ताकद उभी राहिली ती मुळात आपल्या या मुलखासाठी निघाली होती. १७५१ पासून फ्रेंच सेनापती बुसी हा सलाबतजंगाच्या दरबारात, म्हणजे निजामाच्या औरंगाबाद आणि हैदराबादेत, पाय रोवून बसला होता. बीड परगणा त्याच औरंगाबाद सुभ्यात मोडत होता. बुसीला दख्खनमधून उखडण्यासाठी लंडनहून एक तुकडी मुंबईला धाडण्यात आली. मराठ्यांशी मिळून तिने घाट चढायचा असा बेत होता. तिच्याबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह होता. पण दरम्यान मद्रास आणि पाँडेचेरीच्या गव्हर्नरांत तात्पुरता तह झाल्याने मुंबईकर कचरले आणि मोहीम बारगळली. फौज मोकळी पडली. तेवढ्यात ॲडमिरल वॉटसनचा बादशाही ताफाही मुंबईला आला होता. दख्खनच्या पठारावर वापरायचे हत्यार असे आयतेच किनाऱ्यावर वापरायला मिळाले. इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईतच लुटीची आपसातली वाटणी ठरवून घेतली. तिच्यात मित्र म्हणवणाऱ्या मराठ्यांचा वाटा शून्य होता.

१२ फेब्रुवारीला वॉटसनची जहाजे खाडीच्या तोंडाशी आली. तुळाजी त्या वेळी किल्ल्यात नव्हता. जमिनीच्या बाजूने आलेल्या पेशव्यांच्या छावणीत तो बोलणी करायला गेला होता. त्याच्या साऱ्या गुराबा आणि गलबते, लहानमोठी पन्नासहून अधिक, किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना खेटून उभी होती. दुपार कलल्यावर एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. मुंबईकरांकडून धरून आणलेले तेच जहाज. डांबर, शिडे, काथ्याचे दोर. आग एका नौकेवरून दुसरीवर गेली आणि अंधार पडायच्या आत आंग्र्यांचे आरमार संपले. बांधणीला लावलेल्या नौकाही सुटल्या नाहीत. रात्री क्लाइव्हने आपले सैनिक उतरवले आणि पेशव्यांची फौज व किल्ला यांच्या मध्ये नेऊन उभे केले, मराठ्यांना आत शिरता येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे १० लाखांची लूट विजेत्यांनी ठरल्याप्रमाणे वाटून घेतली. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला आणि पुढचे सगळे आयुष्य त्याने किल्ल्यांवरच्या कैदेत काढले. वॉटसन आणि क्लाइव्ह तिथून निघाले ते वर्षभरात बंगालमध्ये पोहोचले. चंद्रनगर आणि प्लासी ही पुढची नावे सर्वांना माहीत आहेत.

नानासाहेबांनी मराठी आरमार बुडवले, हा आरोप या आगीतून निघाला आणि तो शाळकरी पुस्तकांपासून व्यासपीठांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. कृत्यापुरता तो खरा आहे. पण तो तिथेच थांबतो, हा त्याचा दोष. हेतूचे म्हणाल तर पेशव्यांना आरमार जाळायचे नव्हते, किल्ल्यासकट ते हवे होते. १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने त्यांनी विजयदुर्ग इंग्रजांकडून परत मिळवला, बाणकोट कायमचे सोडून देऊन. तिथे आरमाराचा सरकारी सुभा बसवला आणि तो पुढे धुळप घराण्याकडे आला. आरमार नकोच असलेला राज्यकर्ता एवढा खटाटोप करीत नाही. शिवाय सगळे खापर पेशव्यांवर फोडणाऱ्यांना एका गोष्टीचा उलगडा करावा लागेल. कुलाब्याचे मानाजी पेशव्यांना धरून राहिले, वसईच्या मोहिमेत उपयोगी पडले, त्यांच्यावर कोणी इंग्रज घातला नाही. तरीही कुलाब्याचे आरमार खंगतच गेले आणि १८४० मध्ये वारसाअभावी ते संस्थान कंपनीने खालसा केले तेव्हा समुद्रावर त्याचे काही वजन उरले नव्हते. बंडखोर आंग्रे जळून संपले, आज्ञाधारक आंग्रे झिजून संपले. म्हणजे पेशव्यांची मर्जी किंवा खप्पा मर्जी एवढ्यावर हा निकाल ठरत नाही. तुळाजीच्या हट्टावरही नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. साठ-सत्तर तोफांच्या बादशाही जहाजांपुढे गुराबांचा टिकाव लागणे शक्यच नव्हते, मग घाटावरचे राजकारण काहीही असो. यात तथ्य आहे. डिसेंबर १७५५ मध्ये जेम्सने विजयदुर्गची टेहळणी केली तेव्हाच त्याला दिसले, की किल्ल्याची ऐकीव दहशत मोठी असली तरी त्याच्या अगदी जवळपर्यंत मोठ्या जहाजांना पुरेल इतके पाणी आहे. ज्या खोल पाण्यामुळे तळ चांगला, त्याच पाण्याने शत्रूला आत आणले. पण असा ताफा या किनाऱ्यावर कायमचा नव्हता. फ्रेंचांशी होऊ घातलेल्या युद्धाने तो एका हंगामापुरता इथे आणला होता. तंत्रातली दरी भरून काढायला वेळ आणि पैसा लागतो, आणि तो इथेच, याच किनाऱ्यावर कोणीतरी लावत होते. कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या कारागिराला मुंबईला आणले आणि १७५० मध्ये तिथली पहिली कोरडी गोदी उभी राहिली. १७६५ पर्यंत तिला आणखी दोन जोडल्या गेल्या. तेच मलबारी सागवान, तेच हिंदी सुतार. वाडियांच्या याच कारखान्यात १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. दोन्ही गोद्या एकाच पिढीत चालू होत्या. एकीच्या मागे सगळ्या कंपनीच्या व्यापाराची तिजोरी होती, दुसरीच्या मागे काही महालांचा वसूल.

पुण्याची तिजोरी कुठे जात होती ते बघायला फार लांब जावे लागत नाही. विजयदुर्ग जळाल्यानंतर काही आठवड्यांतच नानासाहेब सावनूरच्या वेढ्यात होते, आणि तेही सलाबतजंग व बुसी यांना जोडीला घेऊन! १७५७ अखेर सिंदखेड, १७६० च्या फेब्रुवारीत उदगीर, १७६३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातले राक्षसभुवन. उदगीरच्या एका विजयाने साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख कागदावर तरी पदरात पडला. जिथे एका हंगामाची स्वारी इतके देते, तिथे लाकूड वाळायलाच काही वर्षे घेणाऱ्या नौकेत पैसा अडकवायला कोणता फडणीस तयार होईल? त्या हिशेबात मूर्खपणा नव्हता, म्हणूनच तो पिढ्यान् पिढ्या बदलला नाही. चूक होती ती एवढीच, की घाटावरचे युद्धही समुद्रावर अवलंबून आहे हे कोणी मांडून दाखवले नाही. अरबी घोडे इराणच्या आखातातून जहाजाने येत. नाणी पाडायची चांदी आणि तांबे बंदरातूनच वर चढत. पाटोद्याहून जामखेडमार्गे जवळच असलेल्या खर्ड्याला ११ मार्च १७९५ रोजी मराठी सरदार शेवटचे एकत्र जमले आणि निजामाला नमवले. त्या फौजेतले उमदे घोडे आणि तोफखान्याचे सामान कोणाच्या परवानगीने किनाऱ्याला लागले, हे विचारले असते तर उत्तर अप्रिय आले असते.

धुळपांच्या अमदानीकडे पाहिले की हे मत आणखी पक्के होते. विजयदुर्गचा तळ १७५६ मध्ये मेला नाही. पुढे साठ वर्षे तो चालू होता आणि या वेळी तो सरकारी होता. ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांच्या ताफ्याने रत्नागिरीजवळ ‘रेंजर’ हे कंपनीचे जहाज मोठ्या झुंजीनंतर धरले. त्यावरचा कर्नल हम्बरस्टन जखमी अवस्थेत विजयदुर्गला आणला गेला आणि तिथेच महिनाअखेर मेला. म्हणजे खलाशी तेच होते, हिंमत तीच होती, खाडी आणि गोदी जागेवर होत्या. पण सालबाईचा तह आदल्याच वर्षी झालेला. पराक्रम अवेळी ठरला आणि जहाज परत द्यावे लागले. त्याआधीच्या युद्धात इंग्रजांनी साष्टी आणि वसई घेतली तेव्हा समुद्राच्या बाजूने त्यांना अडवणारे कोणी नव्हते. सुभ्याला नेमून दिलेल्या वसुलात किनाऱ्याची राखण आणि जकातीचा बंदोबस्त होत असे, त्यापलीकडे काही होण्यासारखे नव्हते. सरकारी मालकी आली, सरकारी खर्च आला नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि त्या पावसाळ्याच्या तोंडाशी विजयदुर्गही कंपनीच्या ताब्यात गेला. या वेळी ॲडमिरल लागला नाही, क्लाइव्हही लागला नाही.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची जी बारा ठिकाणे जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांच्याबरोबर विजयदुर्गही आहे. त्यामुळे आता घाटावरून, बीड-अहिल्यानगरकडूनही सहलीच्या गाड्या तिकडे जास्त वळतील. जाणाऱ्यांनी तट-बुरूज पाहून झाल्यावर लगेच परत फिरू नये. थोडे आत, गिर्ये-रामेश्वरला जाऊन ती कातळातली गोदी पाहावी आणि तिच्या काठावर उभे राहून एवढाच विचार करावा, की हिचा खर्च त्या काळी कोणी करायला हवा होता.